हिवाळी पाहुण्यांची हजेरी



कामगारांच्या सभा घेणारा मनुष्य पक्ष्यांवर काय बोलणार, अशी शंका काहींच्या चेहऱ्यावर दिसते. ती रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि खाणीच्या फाटकावर पुष्कळ झाले. परंतु तेथे एक गोष्ट पक्की कळली : हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याचा हक्क कोणी मानीत नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात तळ्यांना तोटा नाही. ताडोबा आहे, जुनोना आहे, शिवाय गावोगावची मालगुजारी तळी आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तळी राहिली. दिवाळीनंतर त्यांवर दूरचे पाहुणे उतरतात.

त्यांत चक्रवाक ओळखण्यास सर्वांत सोपा. अंग नारिंगी-तांबूस, डोके फिकट. लडाख-तिबेटाकडे त्याची घरटी. पट्टकादंब हा राखी हंस. पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे, हीच त्याची खूण. तो हिमालय ओलांडून येतो. तलवार बदकाची मान लांब, आणि नराची शेपटी टोकदार. धोबी तर नळाशेजारीही भेटतो. पण त्यांतही भेद आहे : काळ्या डोक्याचा, पांढऱ्या भुवईचा तो इथला रहिवासी, पांढऱ्या तोंडाचा तो हिवाळ्याचा पाहुणा.

येथे आमची फजिती सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी शीळ घालीत जाणारा बदकांचा थवा आम्ही सोबत्यांना मोठ्या ऐटीत सैबेरियाचा म्हणून दाखविला. पाळीवर जाळे सांधीत बसलेला ढिवर हसून म्हणाला, "भाऊ, ह्या तं अडया. बारा महिने इथंच राहतात." पुस्तक आम्ही वाचले होते, तळे त्याने वाचले होते. त्या दिवसापासून नाव सांगण्याआधी आम्ही पाळीवरच्या माणसाला विचारतो.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. एका गावच्या तळ्यात भराव पडू लागला, तेव्हा आम्ही अर्ज घेऊन गेलो. प्रश्न आला : येथे पक्षी येतात याला पुरावा काय? आम्ही वर्षानुवर्षे ते पाहिले होते, पण तारीख, संख्या, काहीच लिहिले नव्हते. मोर्चाला माणसे जमविणारे आम्ही त्या दिवशी एका कागदावाचून निरुत्तर झालो. तळ्याचा तो कोपरा आज जमीन आहे.

नोंद ठेवणे हे काही पंडितांचेच काम नव्हे. १८९९ साली डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने मैनेच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली, आणि पाखरे कोठून कोठे जातात हे कळण्याची वाट मोकळी झाली. १९८७ पासून आशियात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, आणि तीत साधी माणसेच मोजतात.

आज वैशाखात तळी आटली आहेत, पाहुणे परतले आहेत. म्हणून तयारीला हीच वेळ बरी. एक वही घ्या. दिवाळीनंतर सूर्य पाठीशी ठेवून पहाटे पाळीवर बसा. आकार, चोच, शेपटी, चाल पाहा. तळ्याचे नाव, तारीख, संख्या लिहा. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहा. खोटे नाव मात्र लिहू नका. पुढच्या खेपेस कोणी पुरावा मागितला, तर चार गावांच्या चार वह्या टेबलावर ठेवता आल्या पाहिजेत.