सुटीचा दिवस आणि रानफुले

१९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराची साप्ताहिक सुटी पक्की केली. ती कशी घालवावी, हे कायद्यात नव्हते. आम्ही म्हणतो, सातपुड्यात पालला जा, नाहीतर चाळीसगावाजवळच्या पाटणादेवीला. पळसाला पाने तीनच. फाल्गुनात तीही गळतात, म्हणून फुललेले झाड विस्तवासारखे दिसते. वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. श्रावणात कळलावी फुलते. तिच्या पानाचेच टोक दोऱ्यासारखे वळून आधार धरते, ही तिची खूण. कंद विषारी, तरी औषधासाठी लोक तोच खणतात आणि वेल नाहीशी होते. ज्याचे नाव मस्टरवर नाही, त्या मजुरासाठी भांडणे किती कठीण, हे आम्ही जाणतो. रानफुलाचेही तसेच आहे. तेव्हा आधी नावे शिका.