नाव आपलं, तर जबाबदारीही आपली

विद्यार्थ्यांनी एआय जबाबदारीने कसं वापरावं, हा आजचा विषय. ‘वापरू नका’ असं सांगायला मी आलेलो नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कामात ही साधनं रोज वापरतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्येही चॅटजीपीटी किंवा जेमिनाय असेलच. म्हणून ‘वापरावं का’ हे बाजूला ठेवू आणि ‘कसं’ यावर बोलू.

आधी हे यंत्र काय करतं ते पाहू. प्रचंड मजकुरावरून ते एक गोष्ट शिकलेलं असतं: आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे काय येणं जास्त संभवतं. मी ‘आवळा देऊन’ म्हटलं, की तुमच्या मनात ‘कोहळा काढणे’ आलंच ना? काहीसं तसंच, पण फार मोठ्या प्रमाणावर. त्यामुळे त्याची भाषा सफाईदार असते. पण सफाईदार वाक्य खरं असतंच असं नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटले कोर्टात दाखले म्हणून सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते. ५,००० डॉलरचा दंड झाला. तो वकिलांना झाला, यंत्राला नाही.

आता आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. ९ जानेवारी हा फातिमा शेख यांचा जन्मदिवस म्हणून साजरा होतो; २०२२ मध्ये त्या दिवशी गुगलने डूडलही केलं होतं. त्यांच्यावर भाषण लिहून मागितलं, तर एआय बालपणापासून सगळं रंगवून देऊ शकतं. पण पुरावा काय? सावित्रीबाईंनी जोतीरावांना १० ऑक्टोबर १८५६ रोजी लिहिलेलं पत्र आहे आणि त्यात फातिमाचा उल्लेख आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘हे पात्रच काल्पनिक आहे’ असा दावा समाजमाध्यमांवर गाजला. अशा वेळी रंगवलेला निबंध कामाला येत नाही, ते पत्र येतं. उलट निबंधातला एक खोटा तपशील सापडला, की समोरचा म्हणणार, ‘बघा, सगळंच रचलेलं आहे.’ आपला इतिहास आधीच थोडक्या कागदांवर उभा आहे. त्यात आपणच भेसळ करायची नाही. म्हणून एआयने काही सांगितलं, की पहिला प्रश्न हाच: हे कुठे लिहिलं आहे? आणि ते स्वतः उघडून वाचायचं.

दुसरा मुद्दा अभ्यासाचा. आपल्यातले अनेकजण उर्दू किंवा मराठी माध्यमातून येतात. डिप्लोमाला किंवा डिग्रीला गेलं, की सगळं एकदम इंग्रजीत. वर्गात हात वर करायचा संकोच वाटतो, क्लासची फी परवडत नाही. अशा मुलामुलींना एआय मोठा आधार आहे. एकच गोष्ट दहा वेळा विचारा, ते कंटाळत नाही. ‘मराठीत समजाव, मग तेच सोप्या इंग्रजीत सांग’ म्हणा, सांगेल.

पण याच मुलांचं सगळ्यात जास्त नुकसानही होऊ शकतं. असाइनमेंट कॉपी-पेस्ट केली तर मार्क मिळतील, पण तोंडी परीक्षेत आणि मुलाखतीत फोन बाहेर ठेवावा लागतो. तिथे प्रश्न साधा असतो: ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ बायनरी सर्चचं उदाहरण घ्या. कोड एआय क्षणात देईल. पण यादी क्रमाने लावलेली नसेल, तर तोच कोड चुकीचं उत्तर देऊ शकतो आणि एररही येत नाही. ज्याने तो स्वतः कागदावर चालवून पाहिला, त्यालाच हे कळतं. ज्याच्या घरात कुणी इंजिनिअर नाही, ओळख नाही, त्याच्याकडे त्या खोलीत फक्त स्वतःची समज असते. ती यंत्राच्या हवाली करू नका.

म्हणून काही सवयी लावून घ्या. आधी वीस मिनिटं स्वतः झगडा. मग उत्तर नको, इशारा मागा. समजलं असं वाटलं, की त्यालाच सांगा, ‘आता मला पाच प्रश्न विचार.’ शेवटी स्क्रीन बंद करून तीच गोष्ट मित्राला समजावा. अडखळलात तर समजलेलं नाही, पुन्हा बसा.

कॉलेजचा नियम विचारून घ्या. मदत घेतली असेल तर प्रोजेक्टमध्ये तसं लिहा. त्यात कमीपणा नाही. आणि आधार कार्ड, घरच्यांचे आजारपणाचे रिपोर्ट, मैत्रिणीचा फोटो हे तिथे टाकू नका. दुसऱ्याची माहिती तिला न विचारता देण्याचा हक्क आपल्याला नाही.

थोडक्यात, कागदावर तुमचं नाव असेल, तर त्यातल्या प्रत्येक वाक्याबद्दल कुणीही विचारलं तरी तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे. जे वाक्य समजावता येत नाही, ते खोडा. कागद थोडा लहान होईल, पण तो तुमचा असेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.