परमुलखातील संगोपन आणि आपले मंडळ



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गतकाळाचे गुणगान करावे असा प्रघात आहे आणि तो वावगाही नाही. पन्नास वर्षे गणपती बसविणे, नाटके करणे, कोजागरीचे दूध आटविणे हे परमुलखात सोपे काम नव्हे. परंतु मला नेमून दिलेला विषय मुलांच्या संगोपनाचा आहे. म्हणून सभागृहातले थोडे बाजूला ठेवून मी घरातले बोलणार आहे.

आपली बहुतेक कुटुंबे येथे नोकरीच्या निमित्ताने आली. कोणी सैन्यातून, कोणी बँकेतून, कोणी पी.जी.आय.मध्ये, तर कोणी २००७ साली स्थापन झालेल्या आयसर संस्थेत. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपली रीत. त्यामुळे नव्या आईचे खरे एकटेपण सुरू होते ते तीन महिन्यांचे मूल घेऊन ती मोहालीस परतते तेव्हा. पती कामावर, शेजार अनोळखी आणि मूल रडते आहे. का रडते, हे विचारायचे कोणाला? आई दूरध्वनीवर आहे, आता तर तिचा चेहराही दिसतो. तरीही एक अडचण उरतेच. आई सांगते ते पुण्याचे किंवा नागपूरचे हवापाणी मनात धरून. सल्ल्यालाही गाव असते, हे आपण ध्यानी घेतले पाहिजे.

काही साधी उदाहरणे देते. बाळाला खोबरेल तेलाने चोळावे, असे कोकणातील आजी सांगेल. पण खोबरेल चोवीस अंशांच्या आसपासच गोठू लागते. येथील डिसेंबरात ते बाटलीतून बाहेरच येत नाही. बाळंतिणीला आणि बाळाला शेगडीचा शेक द्यावा, हीही आपली जुनी चाल. ज्या घरात वारा खेळता आहे तेथे ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. मोहालीच्या धुक्यात मात्र दारेखिडक्या घट्ट लावलेल्या असतात. बंद खोलीतील निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो जागेही करीत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात या कारणाने माणसे दगावतात. म्हणजे जी चाल तिकडे मायेची, तीच येथे जिवावर बेतू शकते. हे सांगणारे माणूस त्या घरात पहिल्या थंडीपूर्वी पोचले पाहिजे, नंतर नव्हे.

मग शेजारणीचे ऐकावे काय? अवश्य ऐकावे. पंजाबी शेजारीण आपल्याला वाटते तितकी परकी नाही. आपण बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतो, ती पंजीरी देते. तुपात भाजलेली कणीक, डिंक आणि सुकामेवा हे दोन्हीकडे आहेतच. आपला सव्वा महिना तोच तिचा सवा महिना. आपली मावशी ती तिची मासी. आपण आजोळ म्हणतो, ती नानके म्हणते. संक्रांतीच्या सुमारास आपण बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करतो. तिच्या घरी तेरा जानेवारीस शेकोटी पेटते, रेवड्या, शेंगदाणे आणि मक्याच्या लाह्या वाटल्या जातात आणि ती बाळाची पहिली लोहडी म्हणून गाजते. एकाच आठवड्यातील हे दोन सोहळे! जी आई बोरन्हाणाला गल्लीतील मुले बोलावते आणि लोहडीला शेजाऱ्यांच्या अंगणात बाळाला घेऊन जाते, तिला पुढे रात्री-अपरात्री दार ठोठावण्यास संकोच वाटत नाही.

मात्र शेजारीण झाली तरी तिचा प्रत्येक शब्द प्रमाण नव्हे, जसा आपल्या आजीचाही नव्हे. नवजात बाळाला वडीलधाऱ्यांनी गोड चाटविण्याची गुढती येथे आहे आणि मध चाटविण्याची चाल आपल्याकडेही आहे. बाळ वर्षाचे होईपर्यंत मध देऊ नये आणि पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. तेथे दोन्ही आज्यांना नमस्कार करून डॉक्टरांचे ऐकावे. काही बाबतींत तर दोन्ही प्रांतांना एकमेकांकडे पाहून शिकण्यासारखे आहे. २००१ च्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे केवळ ७९८ मुली होत्या. २०११ मध्ये ही संख्या ८४६ झाली. याच दहा वर्षांत आपल्या महाराष्ट्रात ती ९१३ वरून ८९४ वर घसरली. एकेकाळी प्रामुख्याने मुलग्यांसाठी होणारी पहिली लोहडी आज येथील अनेक घरे मुलींसाठी मुद्दाम साजरी करतात. हे पाहून आपण नाक मुरडावे की मान तुकवावी, ते आपणच ठरवावे.

आता भाषेविषयी. पंजाबात २००८ च्या कायद्याने पहिली ते दहावी पंजाबी विषय सक्तीचा आहे. मोहालीतील मराठी मुलाला गुरुमुखी येणारच. गुरुमुखीतील 'स' आपल्या 'म'सारखा दिसतो. लहान मूल काही दिवस गोंधळते आणि मग दोन्ही लिप्या सहज वाचू लागते. गोंधळ टिकतो तो पालकांच्या मनात. घरात मराठी आणि अंगणात पंजाबी, हा व्यवहार मुलाला जड जात नाही. मराठी हरवते ती घरात बोलणे बंद झाल्यामुळे, अंगणातील पंजाबीमुळे नव्हे. संत नामदेव या भूमीत आले, येथील लोकांना उमजेल अशा भाषेत गायले आणि त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आदराने स्थान पावली. म्हणून ते मराठीला परके झाले काय? २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्यांच्याच घुमान गावी भरले, हेच त्याचे उत्तर.

शेवटी मंडळाच्या कर्तव्याविषयी. आपण वर्गणी घेतो, निमंत्रणे पाठवितो आणि नवी कुटुंबे येत नाहीत म्हणून हळहळतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालवाडी सुरू केली. आदिवासी मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच पाड्यावरील अंगणात नेली. तान्हे मूल असलेली आई सभागृहात येऊ शकत नाही. मग मंडळाने तिच्या दारी जावे.

यासाठी माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, नव्या कुटुंबाची वार्ता कळताच आठ दिवसांच्या आत दोन सभासदांनी, त्यांत एक अनुभवी गृहिणी असावी, त्यांच्या घरी जावे. वर्गणीची पावती त्या दिवशी बरोबर नेऊ नये. दुसरी, जवळचा बालरोगतज्ज्ञ, लसीकरणाचे ठिकाण, विश्वासू मदतनीस आणि अडीअडचणीला धावून येणारी चार घरे यांची यादी करावी आणि ती दरवर्षी तपासावी. तिसरी, महिन्यातून एकदा लहान मुलांना घेऊन बसता येईल असा मेळावा कोणाच्या तरी घरी भरवावा. तेथे भाषण नको, हार नको. शेजारच्या पंजाबी भगिनींनाही आवर्जून बोलवावे.

आज या सभागृहात ज्या आज्या बसल्या आहेत, त्यांनी आपली मुले येथे कोणाच्याही आधाराविना वाढविली. त्यांच्या अनुभवाची शिदोरी पुढल्या पिढीच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचविणे हे मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांचे पहिले काम असावे, अशी माझी नम्र विनंती आहे.