न फाटणारा कागद आणि आपली सुई

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज एका कागदाबद्दल बोलायचंय. दिसायला कागद, पण हाताने फाडायला गेलात तर फाटत नाही. पाण्यात बुडवला तरी भिजून लगदा होत नाही. कातरीने मात्र सरळ कापला जातो आणि मशीनवर शिवताही येतो. त्याचं नाव टायवेक. तुम्ही तो पाहिला असण्याची शक्यता आहे. परदेशातून कुरिअर येतं, त्याचं एखादं पांढरं पाकीट काही केल्या फाटत नाही. वॉटर पार्कमध्ये मनगटाला कागदी पट्टी चिकटवतात, ती दिवसभर पाण्यात राहूनही तुटत नाही. धावण्याच्या शर्यतीत छातीवर नंबर लावतात, तो घामाने भिजूनही शाबूत राहतो. यातल्या बऱ्याच वस्तू टायवेकच्या असतात.

या कागदाचे बटवे, जाकिटं, दागिने जगात कितीतरी ठिकाणी होतात. मोबाइलवर तसे व्हिडिओ दिसतात आणि मग गटात प्रश्न येतो, की आपणही करून बघायचं का? गटाचा पैसा घालायचा तर आधी वस्तू ओळखावी. म्हणून आज तिची कुंडली मांडू.

टायवेक हा खरं तर कागद नाहीच. कागद होतो झाडाच्या, गवताच्या किंवा चिंध्यांच्या लगद्यापासून. टायवेक होतं पॉलिइथिलीनपासून, म्हणजे तेलाचे कॅन आणि शाम्पूच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या होतात, त्याच घराण्यातल्या प्लास्टिकपासून. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५५ साली जिम व्हाइट नावाच्या संशोधकाला एका नळीतून पांढरा कापसासारखा पुंजका बाहेर येताना दिसला. तो फेकून न देता त्यांनी तपासला. त्यावर बरीच वर्षं काम झालं आणि १९६७ साली टायवेक बाजारात आलं. केसाहून बारीक असे तंतू एकावर एक आडवे-तिडवे पसरतात आणि उष्णता व दाब देऊन ते एकमेकांत बसवतात. विणकाम नाही, म्हणून ताणा-बाणा नाही. ताणा-बाणा नाही म्हणून कापल्यावर कडेचे दोरे निघत नाहीत. शिवणाऱ्या बाईला याचा अर्थ लगेच कळेल. काठ दुमडायला नको, इंटरलॉक नको.

कागदाचे कपडे ही कल्पना काही नवी नाही. जपानमध्ये कामिको नावाचे कपडे शेकडो वर्षांपासून होत आले. तिथल्या हातकागदावर एका कंदाची खळ लावायची, तो हाताने चुरगाळून, मळून मऊ करायचा आणि मग शिवायचा. साधू-भिक्षू ते वापरत. अमेरिकेत १९६६ साली स्कॉट नावाच्या कागद कंपनीने जाहिरातीसाठी कागदी फ्रॉक काढला. किंमत सव्वा डॉलर. लाखोंनी तो मागवला. कँपबेल या सूप विकणाऱ्या कंपनीने आपल्या डब्यांची चित्रं छापून तसाच फ्रॉक काढला. दोन-चारदा घालायचा आणि टाकून द्यायचा, हीच त्यातली गंमत होती. दोन-तीन वर्षांत लोकांना कंटाळा आला आणि ती लाट ओसरली. ते फ्रॉक टायवेकचे नव्हते, कागदाला आतून दोऱ्यांच्या जाळीचा आधार दिलेले होते. पण गोष्ट लक्षात ठेवा. जे टाकण्यासाठीच केलं, त्याची किंमतही तेवढीच राहिली.

टायवेकच्या बाबतीत कलाकारांनी याच्या उलट केलं. पाकिटं, डॉक्टरांचे आणि रंगकाम करणाऱ्यांचे पांढरे अंगरखे असा बराचसा टायवेकचा वापर एकदाच करून टाकण्याचा. कलाकारांनी विचार केला, की इतकी टिकणारी वस्तू टाकायची कशाला? लंडनमध्ये काम करणारे, सायप्रसमध्ये जन्मलेले हुसेन चलायान यांनी विमानाच्या टपालपाकिटासारखं लाल-निळ्या पट्ट्यांचं जाकीट केलं. आइसलँडची गायिका ब्योर्क हिच्या १९९५ सालच्या ‘पोस्ट’ या गाण्यांच्या अल्बमवर तिच्या अंगात ते आहे. न्यूयॉर्कच्या टेरेन्स केलमन यांनी टायवेकच्या एकाच तुकड्याला घड्या घालून पैशाचं पाकीट केलं. त्यात एकही टाका नाही. मुलं कागदाची होडी करतात तीच विद्या, पण होडी एका पावसात संपते आणि हे पाकीट खिशात राहतं. इंग्लंडमधल्या भरतकाम करणाऱ्या बायकांनी तिसरीच वाट काढली. त्या टायवेक रंगवतात, गरम करून आकसवतात, त्यावर फोड आणि सुरकुत्या उठवतात आणि मग त्यावर टाके घालून पानं, झाडाची साल, समुद्राच्या लाटा उभ्या करतात.

आता आपल्या कामाच्या गोष्टी. टायवेक दोन तऱ्हेचं मिळतं. एक कडक, कागदासारखं. पाकिटं, फायली, बटवे, मुखपृष्ठं यासाठी ते चांगलं. दुसरं मऊ, कापडासारखं. अंगरखे होतात ते याचे. कडक टायवेक मऊ करायचं असेल तर जपानी बायांसारखं करा. हातात चुरगाळा, उघडा, पुन्हा चुरगाळा. त्याला जुन्या चामड्यासारख्या सुरकुत्या येतात आणि ते हातात छान बसतं.

बाजारातल्या नॉन-वोव्हन पिशवीशी याची गल्लत करू नका. ती पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकची असते. जवळून पाहिलंत तर त्या पिशवीवर बारीक ठिपक्यांची नक्षी सारखी दिसते. कडक टायवेक गुळगुळीत असतं आणि उजेडासमोर धरलं की आत ढगांसारखे तंतू दिसतात. दुकानदार दोन्हीला एकच नाव सांगेल, तेव्हा स्वतः उजेडात धरून बघा.

शिवताना टाका मोठा ठेवा. एका इंचात दहाच्या वर टाके नकोत. बारीक टाका घातला तर सुईची भोकं जवळजवळ येतात आणि टपाल तिकिटाच्या कडेसारखं ते तिथूनच सुटतं. सुई नवी, बारीक आणि टोकदार घ्या. टाचण्या लावू नका, भोक बुजत नाही. कागदाचे किंवा कपड्यांचे चिमटे लावा. उसवून पुन्हा शिवायची सोय नाही, म्हणून आधी वर्तमानपत्रावर नमुना कापून, शिवून बघा. जिथे ओढ बसते, म्हणजे बंद, नाडी, बटण, तिथे आतून सुती पट्टीचा आधार द्या.

रंगाची गोष्ट जरा ऐका. १९८० नंतरच्या दोन-चार वर्षांत हैती आणि कोस्टा रिका या देशांनी टायवेकच्या नोटा छापल्या. न फाटणारी नोट, आणखी काय हवं? पण हैतीच्या दमट हवेत आणि लोकांच्या हाताळण्यात शाई पुसट होऊ लागली आणि तो बेत पुढे चालला नाही. धडा सरळ आहे. वस्तू टिकते म्हणून तिच्यावरचा रंग टिकेलच असं नाही. ॲक्रेलिक रंग यावर बऱ्यापैकी धरतो. तरी रंगवलेला तुकडा दोन दिवस वाळवा, मग ओल्या फडक्याने घासा, घामट हाताने चोळा, आणि मगच गिऱ्हाइकाला दाखवा.

आता सर्वांत महत्त्वाचं, उष्णता. टायवेक साधारण १३५ अंश सेल्सियसला वितळतं आणि त्याच्या आधीच आकसायला लागतं. सुती कपड्याची इस्त्री याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून टायवेकच्या वस्तूला इस्त्री नाही, गरम पाणी नाही. थंड पाण्यात हाताने धुवायची, सावलीत वाळवायची. महिनोन्महिने उन्हात राहिलं तर ते कमकुवतही होतं. गरम भांडं धरायचं फडकं, चुलीजवळचा अ‍ॅप्रन, दिव्याची झालर, यांतलं काहीही याचं करायचं नाही. लहान मुलांचे अंगावरचे कपडेही नकोत. आग लागली तर प्लास्टिक वितळून कातडीला चिकटतं.

फोडांची नक्षी करायचीच असेल तर इस्त्री मंद ठेवा. टायवेक बेकिंगच्या दोन कागदांमध्ये ठेवा, वरून इस्त्री हलकेच फिरवा आणि मनासारखं आकसलं की लगेच थांबा. मेणबत्ती, स्टोव्ह किंवा गॅसची ज्योत दाखवायची नाही. काम मोकळ्या हवेत, ओसरीवर, वाऱ्याची दिशा बघून करा. वितळणाऱ्या प्लास्टिकचा आणि तापलेल्या रंगाचा धूर छातीत जाऊ देऊ नका. जवळ लहान मूल नको. घरात कोणी गरोदर असेल किंवा कोणाला दमा असेल तर हा प्रकार सोडूनच द्या. फोडांशिवायही पुष्कळ वस्तू होतात.

आणि मैत्रिणींनो, एक गोष्ट कानाला खडा लावून ऐका. कोणी म्हणेल, “दवाखान्यातले वापरलेले पांढरे अंगरखे फुकट मिळतात, घेऊन या.” किंवा शेतात फवारणीला वापरलेला अंगरखा घरात पडून असेल. त्याला हात लावायचा नाही. धुतला तरी नाही, उकळला तरी नाही. त्यावर रोगाचे जंतू असतील, विषारी औषध असेल, ते डोळ्यांना दिसत नाही. त्याचा बटवा करून कोणाच्या लेकीच्या हातात द्यायचा नाही. जुनं वापरायचंच तर कुरिअरची पाकिटं घ्या, स्वच्छ, कोरडी, कुठून आली ते माहीत असलेली. शर्यतीचे नंबर घ्या. शहरातल्या नातेवाइकांना सांगून ठेवलं तर तेही जमतात.

आता पैशाचं. टायवेक नॉन-वोव्हनपेक्षा महाग पडतं आणि आपल्या आठवडे बाजारात ते मिळणार नाही. म्हणून आधी पूर्ण गठ्ठा घेऊ नका. दोन-चार तुकडे मिळवा, तीन वस्तू करा. एक चंची, एक बटवा, एक वहीचं कव्हर. गटातल्या तिघींनी महिनाभर रोज वापरा. कुठे टाका सुटला, कुठे रंग गेला, ते वहीत लिहा. मग हिशेब मांडा, आणि त्यात सामानाबरोबर आपल्या बसण्याचे तासही धरा. हिशेब बसला तरच पुढे जा. बाजारहाटाच्या पिशव्या करायच्या म्हटल्या तर कायदा आडवा येतो. टायवेक हे प्लास्टिकच आहे, आणि ३० सप्टेंबर २०२१ पासून देशात नॉन-वोव्हन प्लास्टिकच्या पिशवीला चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट आहे. राज्याचे नियम त्याहून कडक असू शकतात. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

शेवटी मनात राहू द्यावी अशी एकच गोष्ट. टायवेक मातीत कुजत नाही. न फाटणं हा त्याचा गुण, आणि उकिरड्यावर पडल्यावर तोच त्याचा दोष. म्हणून एका हळदी-कुंकवापुरत्या वाणाच्या शोभेच्या वस्तू याच्या करू नका. समारंभ संपला की त्या उकिरड्यावर जातील आणि आपल्या नातवंडांच्या काळातही तिथेच असतील. याचं जे कराल ते वर्षानुवर्षं वापरात राहील असं करा. रेशनकार्ड, आधारकार्ड, जमिनीचे कागद पावसात सांभाळायचं पाकीट करा. बँकेचं पासबुक, गटाची हिशेबवही यांना कव्हर करा. आशाताईंच्या नोंदवहीला कव्हर करा. कागदावर कापड चिकटवून टाकण्यापेक्षा शिवा. म्हणजे वस्तू जुनी झाल्यावर उसवून प्लास्टिक वेगळं भंगारात देता येईल.

आपली आजी गोधडी शिवायची तेव्हा नव्या कापडाला कात्री लावत नव्हती. जे टिकाऊ उरलं असेल ते वेचून, थरावर थर घालून, आणखी वीस वर्षं चालेल असं करायची. सामान नवं असो की जुनं, परदेशी असो की गावचं, हिशेब तोच. वस्तू जेवढी टिकते, तेवढी ती कामात राहिली पाहिजे.

तुमच्या गटाने काही करून बघितलं तर केंद्रावर येऊन दाखवा. बिघडलेला नमुनाही आणा. त्यातून बाकीच्या गटांचं सामान वाचेल.