कंत्राटदाराचा विमा : आपला काय संबंध?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या इमारतीने पंचवीस पावसाळे अंगावर घेतले. आता पश्चिमेच्या भिंतींना ओल धरते, गच्चीखालच्या घरांत पोपडे पडतात. दिवाळीनंतर बाहेरचं प्लास्टर, वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम काढायचं घाटतं आहे. कोटेशनं आली की आपण सगळे आधी खालची बेरीज बघतो. माझा जन्म बँकेत गेला, त्यामुळे मी आधी विचारतो, विम्याचं काय? आज तेवढ्याच विषयावर बोलतो.

तुम्ही म्हणाल, विमा कंत्राटदाराचा, आपल्याला काय त्याचं? आम्ही पूर्वी राहायचो तिथल्या एका इमारतीत रंगकाम करणारा मुलगा तिसऱ्या मजल्यावरून पडला. जीव वाचला, पण कंबर कायमची गेली. कंत्राटदाराचा विमा नव्हता आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोनही बंद. पोलीस आले ते सोसायटीच्या ऑफिसात. सभासदांनी वर्गणी काढून हॉस्पिटलचं बिल भागवलं. पण त्या मुलाचं पुढचं आयुष्य वर्गणीवर थोडंच चालणार?

कामावर अपघात झाला तर कामगाराला भरपाई मिळावी, अशी कायदेशीर तरतूद आपल्या देशात १९२३ पासून आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणक, असा हिशोब असतो. तिशीतल्या माणसाचा, म्हणजे बरोबर ३० वर्षं पूर्ण झालेल्याचा, गुणक आहे २०७.९८. या हिशोबासाठी पगाराची मर्यादा २०२० मध्ये १५,००० रुपये झाली. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, झाले १५,५९,८५० रुपये. लहान कंत्राटदाराने एवढे पैसे आणायचे कुठून? आणि काही वेळा ही जबाबदारी काम देणाऱ्यापर्यंतही येऊ शकते.

म्हणून दोन पॉलिसी मागाव्यात. पहिली कामगार भरपाईची. दुसरी तिऱ्हाइताच्या नुकसानीची, म्हणजे पब्लिक लायबिलिटी. वरून वीट पडून कुणाचं डोकं फुटलं किंवा खालची गाडी चेपली, तर ती उपयोगी पडते.

नुसती झेरॉक्स फाइलला लावून भागत नाही. पॉलिसीवर नाव कुणाचं, कामाचा पत्ता आपलाच आहे का, मुदत काम संपेपर्यंत आहे का, हे वाचा. दहा माणसं दाखवून पंचवीस चढवली, तर दाव्याच्या वेळी भांडण ठरलेलं. उंचीवरचं काम स्पष्ट लिहिलेलं हवं. पोटकंत्राटदाराची माणसं त्यात धरली आहेत का आणि औषधोपचाराचा खर्च मिळतो का, हे वेगळं विचारा. बऱ्याचदा त्यासाठी जादा प्रीमियम भरावा लागतो. शेवटी विमा कंपनीकडून पॉलिसीची खात्री करून घ्या. बँकेत आम्ही तारण बघितल्याशिवाय कर्ज देत नसू, तसंच हे.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. कंत्राटदार म्हणतो, ‘दहा वर्षांची गॅरंटी देतो की!’ अहो, गॅरंटी म्हणजे विमा नव्हे. गळती पुन्हा सुरू झाली तर ती त्याने दुरुस्त करायची, हा त्याचा शब्द. निकृष्ट काम पुन्हा करण्याचा खर्च अशा पॉलिसीतून साधारणपणे मिळत नाही. त्यासाठी बिलातली काही रक्कम एक-दोन पावसाळे राखून ठेवावी आणि ते करारात लिहावं.

‘साहेब, प्रीमियम परवडत नाही,’ असं होतकरू कंत्राटदार म्हणतात, आणि ते खोटं नसतं. सगळ्यांत कमी कोटेशन बऱ्याचदा विमा वगळूनच कमी झालेलं असतं. म्हणून माझी सूचना अशी, की टेंडरमध्ये प्रीमियमची वेगळी ओळ ठेवावी आणि ती सर्वांना सारखी लागू करावी. म्हणजे प्रामाणिक माणूस मागे पडणार नाही. तो खर्च घरटी वाटला तर कुणालाही जड जाणार नाही. मात्र विमा असला तरी सेफ्टी बेल्ट, हेल्मेट आणि मजबूत परांची यांना सूट नाही. पैसे मिळतात, माणूस परत मिळत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. पॉलिसी हातात पडल्याशिवाय परांचीचा पहिला बांबू उभा राहू नये, एवढंच मागणं. अनुमोदनाला हात वर करा म्हणजे झालं. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.