प्राण्यांची इंग्रजी नावे शिकविताना

(सटाणा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



राज्यात सन २००० पासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचे शिक्षण सुरू होते. प्राण्यांची नावे हा त्यातील मुलांच्या आवडीचा भाग होय. बांधावरून पळणारे मुंगूस आपल्या मुलांच्या परिचयाचे आहे. इंग्रजीतील ‘मंगूस’ हा शब्द मराठीतूनच तिकडे गेला, हे सांगितले की परक्या भाषेचे भय ओसरते.

मात्र प्रतिशब्द पाठ करून भागत नाही. बैल, शेळी, कुत्रा या सर्वांना आपण ‘पाळीव’ म्हणतो. इंग्रजीत ‘पेट’ म्हणजे सोबतीसाठी, मायेने सांभाळलेला प्राणी. औताचा बैल त्यात येत नाही. पिंजऱ्यातील पोपटाला मुले सहज ‘पेट’ म्हणतील. तेथे शिक्षकांनी थांबावे. आपल्याकडील हिरवा पोपट हा ‘वाइल्डलाइफ’मध्ये मोडतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार त्याला पकडणे वा कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे. मुंगसालाही हेच संरक्षण आहे; तरीही रंगाच्या कुंचल्यांकरिता केसांसाठी त्याची हत्या होते.

बिबट्या दिसला तरी गावात ‘वाघ आला’ अशी हाकाटी होते. ‘लेपर्ड’ आणि ‘टायगर’ यांतील भेद शाळेत समजलेला मुलगा उद्या वनखात्याला नेमकी खबर देईल. म्हणून शब्दाबरोबर त्या जिवाची ओळख आणि त्याविषयीचा कायदाही शिकवावा, आणि पंचायतीने तो गावात पाळला जाईल हे पाहावे, एवढीच विनंती.