ऑर्डरवर पद काय लिहिलंय?



गेल्या दिवाळीत माझी भाची फराळाला घरी आली होती. हिंजवडीतल्या एका संगणक कंपनीत ती मनुष्यबळ विभागात काम करते, आठ वर्षं झाली. चकलीचा तुकडा मोडता मोडता तिनं विचारलं, "मामा, ती अमेरिकेची परीक्षा देऊ का? फी डॉलरमध्ये आहे, पण पास झालं की नावापुढे अक्षरं लावता येतात."

मी १९८४ पासून २०१८ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षं, कारखान्यांमधून हेच काम केलं. आमच्या वेळी त्याला 'पर्सोनेल' म्हणत. कामगार 'लेबर ऑफिस' म्हणत, आणि पगार कापला गेला की आणखीही काही म्हणत. तेव्हा मामाला विचारणं साहजिकच होतं. मामाला मात्र चटकन उत्तर देता येईना.

तिनं ज्या परीक्षेचं विचारलं ती 'सोसायटी फॉर ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट' या अमेरिकन संस्थेची. ही संस्था १९४८ सालची. तिथे अशा परीक्षा १९७० च्या दशकापासून आहेत, पण त्या घेणारी संस्था निराळी होती. पुढे दोघींचं फाटलं, आणि २०१५ पासून या सोसायटीनं स्वतःची परीक्षा सुरू केली. आता तिथे दोन चुली आहेत. आपल्याकडेच असं होतं असं नाही! परीक्षा मात्र वाईट नाही. मी भाचीचं पुस्तक चाळलं. नुसत्या व्याख्या विचारत नाहीत. एखादा प्रसंग देतात आणि अशा वेळी तुम्ही काय कराल, असं विचारतात. प्रमाणपत्र तीनच वर्षं चालतं. तेवढ्या काळात शिबिरं, व्याख्यानं, अभ्यास करून साठ गुण जमवायचे, नाहीतर परीक्षा पुन्हा द्यायची. आमची पदविका एकदा मिळाली की भिंतीवर टांगून पेन्शनीपर्यंत निवांत. त्या मानानं ही पद्धत शहाणपणाची आहे.

मग माझं अडलं कुठे? ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

डॉक्टरची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते. वकिलाची सनद बार कौन्सिल देते आणि काढूनही घेऊ शकते. सनदी लेखापालांसाठी १९४९ चा कायदा आहे. आमच्या धंद्याला असं काही नाही. उद्या एखाद्या मालकानं आपल्या मेव्हण्याला मनुष्यबळ प्रमुख नेमलं, तर त्याला अडवणारं कुणी नाही; आणि त्यानं काही भलतंसलतं केलं तर त्याची सनद काढून घेणारंही कुणी नाही. कारण सनदच नसते.

याला एक अपवाद आहे, आणि तो आता पुष्कळ जण विसरले आहेत. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी भरती जॉबरच्या हातात असे. कामावर घ्यायचं त्याचे पैसे, बदलीचं काम द्यायचं त्याचे पैसे, आणि देणं थांबलं की काम गेलं. कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला नेमलेल्या रॉयल कमिशननं १९३१ च्या अहवालात सुचवलं, की ही सत्ता जॉबरकडून काढून घ्या आणि कारखान्यात लेबर ऑफिसर नेमा. तो फक्त मुख्य व्यवस्थापकाच्या हाताखाली असावा, आणि त्याला माणसं कळावीत, कामगारांची भाषा यावी. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४९ व्या कलमानं, पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. त्याची शैक्षणिक पात्रता नियमांत लिहिली गेली. कामगारांविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणं त्यानं हाताळायची नाहीत आणि व्यवस्थापनातर्फे कामगाराविरुद्ध उभं राहायचं नाही, असंही नियमांत आलं. आणि त्याला मनाला येईल तसं काढून टाकता येऊ नये, म्हणून सरकारी संमतीची तरतूद झाली. पगार मालकाचा, पण पाठीशी कायदा, अशी ही जागा होती.

आता तो जुना कायदा २०२० च्या संहितेत गेला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलात आली, आणि तिच्यात पाचशेचा आकडा अडीचशेवर आला आहे. म्हणजे कल्याण अधिकारी नेमावा लागेल असे कारखाने वाढणार. त्या खुर्च्यांवर नव्यानं बसणाऱ्या मुलामुलींना आमची एक गोष्ट सांगावी, म्हणूनही आकाशवाणीचं आजचं निमंत्रण मी घेतलं.

१९९१ साल. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी कल्याण अधिकारी होतो. कँटीनचा भात कच्चा राहिला तरी मी, बस चुकली तरी मी, कामगाराच्या मुलाला शाळेत प्रवेश हवा तरी मी. प्रेसशॉपमधला एक कामगार तेवीस दिवस गैरहजर होता. मी सायकल काढून त्याच्या खोलीवर गेलो. बायकोला क्षय झालेला, ती औंधच्या रुग्णालयात, आणि घरात दोन लहान मुलं. तो म्हणाला, "साहेब, रजेचा अर्ज द्यायचा राहिला." मी म्हणालो, "अर्जाचं नंतर बघू, आधी तिचं बघ."

पुढच्या महिन्यात त्याला आरोपपत्र मिळालं. अंतर्गत चौकशी बसली. वर्क्स मॅनेजरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "व्यवस्थापनाची बाजू तुम्ही मांडा. तुम्हाला सगळं माहीत आहे." मी बसलो. का बसलो? लग्नाला दोन वर्षं झाली होती, घराचं कर्ज नुकतंच काढलं होतं, आणि साहेबांनी आपल्यावर विश्वास टाकला याचं थोडं बरंही वाटलं होतं. हे शेवटचं कारण मी फार वर्षं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

चौकशीत मी त्याला विचारलं, "मी तुझ्या घरी आलो, त्या दिवसापर्यंत तू अर्ज दिला नव्हतास, हे खरं ना?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. समोरच्या माणसाची ओळख पटत नसली की आपण पाहतो ना, तसं. म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर म्हणालात, अर्जाचं नंतर बघू." चौकशी अधिकाऱ्यांनी लेखनिकाला हात केला. ते वाक्य जबाबात उतरलं नाही. मीही ते लिहून घ्या असं म्हणालो नाही.

चौकशी पुरी होण्याआधीच त्यानं हिशेब घेतला आणि तो करमाळ्याकडे आपल्या गावी निघून गेला.

त्या काळात मी आमच्या व्यावसायिक संस्थेच्या स्थानिक शाखेत जात असे. पर्सोनेलच्या लोकांची ही संस्था. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी बैठक असे. खरं सांगायचं तर बहुतेक बैठका कंटाळवाण्या असत. पाहुण्यांची ओळख व्याख्यानापेक्षा लांबायची. पुष्पगुच्छ, आभार, आभारांचे आभार. निम्मे लोक नोकरी बदलायच्या ओळखी काढायला येत, आणि त्यात मीही होतो. पण चहाच्या वेळी जे बोलणं होई ते निराळं. तिथे मुंबईच्या एका गिरणीतून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ येत. धोतर, वर कोट, हातात कापडी पिशवी. मी त्या चौकशीची हकीकत जरा फुशारकीनंच सांगत होतो, की बाजू कशी बिनतोड मांडली वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "तुमच्या ऑर्डरवर पद काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "कल्याण अधिकारी."

"मग त्या टेबलाशी तुम्ही कसे बसलात?"

श्रोतेहो, मला तो नियम ठाऊक नव्हता अशातला भाग नाही. कामगार कायदे आणि कामगार कल्याणाच्या पदविकेला कल्याण अधिकाऱ्याच्या कर्तव्यांवर प्रश्न आला होता. 'कल्याण अधिकाऱ्याने काय करू नये' हा त्यातला उपप्रश्न. मी तो पूर्ण लिहिला होता आणि मला पहिला वर्ग मिळाला होता. ते प्रमाणपत्र त्या क्षणी माझ्या कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत होतं. त्या गृहस्थांना ते माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही.

परीक्षेनं मला नियम शिकवला. पण तो मोडल्यावर कारखान्यात मला कुणी जाब विचारला नाही. विचारणार तरी कोण? साहेब खूश होते आणि कामगार घाबरलेले. माझ्याच धंद्यातला, माझ्याकडून काहीही नको असलेला माणूस फक्त त्या चहाच्या टेबलाशी होता.

तीन वर्षांनी पुन्हा तशीच वेळ आली. कामगार दुसरा होता, साहेब तेच होते. या वेळी मी दोन दिवस मागून घेतले आणि त्या गृहस्थांकडे गेलो. मी लिहून नेलेलं पत्र आवेशाचं होतं. त्यांनी त्यातलं 'मी नकार देत आहे' हे वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'नियमानुसार मला हे काम करता येणार नाही.' म्हणाले, "तुमचा नकार साहेबांना मोडता येईल. नियमाचा मोडायला त्यांना कागद लागेल." पत्र चार ओळींचं झालं. साहेब तीन महिने माझ्याशी कामापुरतंही नीट बोलले नाहीत, आणि माझी बढती दोन वर्षं लांबली. नोकरी मात्र राहिली. काढायचं तर सरकारी संमती लागली असती, आणि हे त्यांनाही माहीत होतं.

करमाळ्याच्या त्या कामगाराचा पत्ता काढून मी एक पोस्टकार्ड टाकलं होतं. उत्तर आलं नाही.

आमच्या या संस्था उगाच निर्माण झाल्या नाहीत. इंग्लंडमध्ये १९१३ साली यॉर्क शहरात, राउंट्री यांच्या कोको कारखान्यात, निरनिराळ्या कारखान्यांतले कल्याण कर्मचारी जमले आणि त्यांनी आपली संघटना काढली. त्यात स्त्रिया पुष्कळ होत्या. एकेका कारखान्यात एकेकट्या पडलेल्या या बायका. त्यांच्या त्या संघटनेचीच आज 'चार्टर्ड इन्स्टिट्यूट' झाली आहे. तिला २००० साली राजसनद मिळाली. आपल्याकडे कलकत्त्याची आणि मुंबईची अशा दोन संस्था एकत्र येऊन १९८० मध्ये 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट' झाली, आणि १९८५ मध्ये 'नॅशनल एचआरडी नेटवर्क' सुरू झालं. नावं बदलत गेली. कल्याणाचं पर्सोनेल झालं, पर्सोनेलचं मनुष्यबळ झालं. 'कल्याण' हा शब्द गळाला याचं मला वाईट वाटतं. पण तो विषय वेगळा, आणि आजची वेळ मोजकी.

भाचीला मी त्या दिवशी एवढंच म्हणालो, की परीक्षा दे, अभ्यास वाया जाणार नाही. शिवाय महिन्याच्या बैठकीला एकदा माझ्याबरोबर ये. तिनं विचारलं, "तिथे काय असतं?" मी म्हटलं, "चहा आणि बिस्किटं."

ती आली. खुर्च्या चाळीस मांडल्या होत्या, माणसं एकोणीस. व्याख्यान संपलं आणि चहाच्या वेळी ती हळूच मला म्हणाली, "मामा, परीक्षेचं मी उगाच विचारलं नव्हतं. सोमवारी मला बारा जणांना फोन करायचे आहेत. प्रत्येकाला दहा मिनिटं. राजीनामा स्वतःहून दिल्याचं त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्यायचं, आणि नाही म्हणाले तर अनुभवपत्र अडकेल असं सुचवायचं. वाटलं, ते प्रमाणपत्र असतं तर नाही म्हणता आलं असतं."

मी तिला ते पुन्हा, जरा मोठ्यानं सांगायला लावलं. कंपनीचं नाव तिनं घेतलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. घोळक्यातले दोघं-तिघं गप्प झाले. एकानं घड्याळाकडे पाहिलं. मग एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एक बाई आपली खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"तुला हे कुणी सांगितलं? तोंडी की लेखी?"

"तोंडी."

"मग आधी ते लेखी येऊ दे. आज रात्रीच मेल कर. भांडायचं नाही. 'आपण सांगितलेली सूचना मला अशी समजली, ती बरोबर आहे का, आणि अनुभवपत्राबद्दल कंपनीचं लेखी धोरण काय आहे, हे कळवावे,' एवढंच लिही. आणि उत्तर येईपर्यंत फोनला हात लावू नकोस."

"आणि त्यांनी मलाच काढलं तर?"

बाई थोडं थांबल्या. "तुझ्यामागे आमच्यासारखा नियम नाही, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "काढूही शकतात. माझा नंबर घे."

भाचीनं नंबर घेतला. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तिनं मोबाईलवर मेल लिहायला घेतली, आणि बाई शेजारी चष्मा वर सरकवून वाचत राहिल्या. हॉल साडेआठला रिकामा करून द्यायचा होता. मी शिपायाबरोबर खुर्च्या उचलायला लागलो. त्या दोन तेवढ्या शेवटपर्यंत ठेवल्या.